छोट्या कुत्र्यांच्या डोळ्यांखालचे डाग: फिरत्या ‘रामबाण उपाया’चा मुद्देसूद प्रतिवाद

पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या छोट्या कुत्र्यांच्या डोळ्यांखाली तांबूस-तपकिरी पट्टे येतात. त्यांच्यावर ‘रामबाण उपाय’ सांगणारा एक मजकूर थोड्याफार फरकाने वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यात म्हटलेलं असतं ते थोडक्यात असं. हे डाग म्हणजे रक्तातली अशुद्धी. ती चुकीच्या अन्नातून आणि नळाच्या पाण्यातून येते. कुत्र्याच्या पाण्यात रोज चमचाभर सफरचंदाचं व्हिनेगर घाला. डागावर बोरिक पावडर किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लावा. चिकन आणि धान्य बंद करा. डाग घालवणारी पावडर खाण्यातून सुरू करा. डोळा लाल दिसलाच तर घरातले थेंब चालतात. या जातींचे डोळे गळायचेच, तेवढ्यासाठी डॉक्टरकडे जायची गरज नाही. आणि खाली पुरावा म्हणून आधीचा-नंतरचा असे दोन फोटो.

एखाददुसरं वाक्य चुकलं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. मला खटकतो तो या सगळ्याचा रोख. मजकुराचं सगळं लक्ष केसांच्या रंगावर आहे. डोळ्यातून एवढं पाणी का ओघळतंय, हा प्रश्न त्यात एकदाही येत नाही. मोरी तुंबली असताना नुसती फरशी पुसत राहावं, तसं हे चाललं आहे. माणूस फरशी पुसत असतो तेवढ्या काळात कुत्र्याचा डोळा दुखत असू शकतो, आणि कुत्रं ते बोलून दाखवत नाही. म्हणून एकेक दावा घेऊ.

“डाग म्हणजे रक्तातली अशुद्धी”

यात सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच तो पटकन पटतो. शरीरात जुन्या तांबड्या पेशी सतत मोडत असतात. त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनशी नातं असलेली पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं शरीर बाहेर टाकतं. बराचसा भाग पित्तावाटे विष्ठेत जातो, काही लघवीत, आणि थोडा लाळेत व अश्रूंत उतरतो. अश्रू केसांवर राहून वाळले की हे रंगद्रव्य मागे उरतं, आणि उजेडात ते आणखी गडद होतं. पांढऱ्या कुत्र्याला सतत पंजे चाटायची सवय असेल तर त्याचे पंजेही तसेच तांबूस होतात, कारण लाळेतही तेच द्रव्य असतं.

म्हणजे ही प्रक्रिया निरोगी कुत्र्यातही रोज चालू असते. काळ्या पूडलच्या अश्रूंतही पॉर्फिरिन असतं, फक्त काळ्या केसांवर ते दिसत नाही. त्यामुळे ‘रक्तशुद्धी’साठी दिलेल्या औषधाला शुद्ध करण्यासारखं तिथे काही नसतं. डाग एवढंच सांगतो की अश्रू जायच्या वाटेने न जाता चेहऱ्यावर ओघळत आहेत.

काही जण डागाला सरळ ‘यीस्टचा संसर्ग’ म्हणतात. सतत ओल्या राहणाऱ्या केसांत आणि त्वचेच्या घडीत मलासेझिया नावाचं यीस्ट किंवा जिवाणू वाढू शकतात, हे खरं. मग तिथे कुबट वास येतो, कातडी लाल आणि चिकट होते, कुत्रं तोंड जमिनीवर घासतं. त्यावर उपचार हवेतच. पण हा ओलीचा परिणाम आहे. ओल थांबली नाही तर तो परत येणार.

“या जातींचे डोळे गळायचेच”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलं आहे, म्हणून इथे जरा सविस्तर.

आधी अश्रूंची वाट पाहू. कुत्र्याच्या डोळ्याला पाणी पुरवणाऱ्या मुख्य ग्रंथी दोन: एक वरच्या पापणीमागे, आणि दुसरी आतल्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या पापणीच्या बुडाशी. पापण्यांच्या उघडझापीबरोबर हे पाणी डोळ्यावर पसरतं आणि नाकाकडच्या कोपऱ्यात जमा होतं. तिथे वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेला एकेक बारीक छिद्र असतं. त्या छिद्रांतून पाणी अश्रुनलिकेत शिरतं आणि नाकात उतरतं. या वाटेत कुठेही बिघाड झाला की पाणी गालावर येतं. बिघाड दोन तऱ्हेचे असतात: एक तर पाणी जास्त तयार होतंय, नाहीतर तयार झालेलं पाणी नीट वाहून जात नाहीये. छोट्या, चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात.

पाणी जास्त येतं ते बहुधा डोळ्याला काहीतरी टोचतं म्हणून. शिह त्झू, पेकिंगीज, पग यांच्यात खालच्या पापणीची नाकाकडची कड आत वळलेली असते आणि तिच्यावरचे केस बुबुळाला खुपत राहतात. नाकावरच्या घडीचे केसही थेट डोळ्यावर घासतात. काहींना पापणीच्या कडेतून, जिथे केस असायलाच नको तिथून, जादा पापणकेस फुटतात. कधी एखादा केस पापणीच्या आतल्या बाजूने उगवतो आणि प्रत्येक उघडझापीला बुबुळावर ओरखडा काढतो. तो इतका बारीक असतो की भिंगाशिवाय दिसत नाही. बाहेरून दिसतो तो फक्त गालावरचा डाग.

वाहून जाण्यातल्या अडचणीही तितक्याच खऱ्या. काही पिल्लांमध्ये खालचं अश्रूछिद्र जन्मतःच बंद असतं, त्यावर पातळ पडदा असतो. कॉकर स्पॅनियलमध्ये हा दोष ठाऊक आहे. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत नलिका वाकडीतिकडी वळलेली असते. डोळ्याची खोबण उथळ आणि डोळे पुढे आलेले असल्यामुळे आतल्या कोपऱ्यात अश्रू साठायला जागाच उरत नाही. त्यात कोपऱ्यातले लांब केस वातीसारखे पाणी ओढून गालावर आणतात. वरच्या जबड्यातल्या दाताचं मूळ कुजलं तर डोळ्याखाली सूज येते आणि जवळची नलिका दबू शकते. छोट्या जातींचे दात लवकर खराब होतात. डोळ्याच्या तक्रारीत तोंडही उघडून पाहायचं असतं ते यासाठी.

आता ‘गळायचेच’ या शब्दाकडे पाहा. एखादी गोष्ट एका जातीत सर्रास दिसते याचा अर्थ ती निरोगी आहे असा होत नाही. आपण पिढ्यानपिढ्या तोंड अधिकाधिक चपटं आणि डोळे अधिकाधिक मोठे निवडत आलो, त्याची किंमत ही कुत्री डोळ्यांनी मोजतात. झोपेत ज्यांच्या पापण्या पूर्ण मिटत नाहीत, त्यांच्या डोळ्याचा मधला भाग रात्रभर उघडा राहून कोरडा पडतो. नेदरलँड्सने आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीसाठी निकष लागू केले, त्यांत श्वास आणि नाकाच्या लांबीबरोबरच नाकावरची घडी आणि पापण्या पूर्ण मिटतात की नाही हेही तपासायला सांगितलं आहे. म्हणजे हा नुसता ‘दिसण्याचा’ मामला नाही, हे तिथल्या नियम करणाऱ्यांनाही मान्य आहे.

हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की बऱ्याच कुत्र्यांत तपासणीअंती गंभीर काहीच निघत नाही. माल्टीज किंवा बिशाँ फ्रीझचे डोळे स्वच्छ, उघडे, दुखरे नाहीत, दोन्ही बाजूंना सारखाच थोडा ओलावा आहे आणि तो जन्मापासून तेवढाच आहे. अशा वेळी डाग हा फक्त दिसण्याचा प्रश्न उरतो, आणि त्याच्यासोबत खुशाल राहता येतं. पण हा निष्कर्ष तपासणीनंतर काढायचा असतो, जात पाहून आधीच नाही.

“पाण्यात व्हिनेगर घातलं की अश्रू आम्लधर्मी होतात आणि डाग थांबतात”

कुत्र्याचं जठर मुळातच तीव्र आम्लाने भरलेलं असतं. त्यात वाडगाभर पाण्यातल्या चमचाभर व्हिनेगरने काही फरक पडत नाही. पुढे रक्ताचा पीएच फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.४ च्या आसपास राखतात. तो पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने हलला असता तर जगणंच अवघड झालं असतं. त्यामुळे व्हिनेगर प्यायल्याने अश्रूंचं रसायन बदलतं या कल्पनेला शरीराच्या कामकाजात कुठेच आधार नाही.

तोटा मात्र होऊ शकतो. पाण्याला आंबूस वास आला की काही कुत्री पाणीच कमी पितात. तीन-चार किलोच्या जिवाला ते परवडत नाही. आणि याच उपायाची ‘कापसाने डागावर व्हिनेगर लावा’ अशीही एक आवृत्ती आहे. डोळ्यापासून बोटभर अंतरावर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायला कुणी सांगत असेल, तर ऐकू नका.

“बोरिक पावडर किंवा पेरॉक्साइडने डाग फिके होतात”

फिके होतीलही, पेरॉक्साइड केसांचा रंग उडवतंच. पण डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. त्याला पेरॉक्साइड लागलं तर जखम होते. छोटं कुत्रं ऐन वेळी मान झटकतं आणि थेंब नको तिथे जातो. बोरिक पावडर ते पंजाने पुसतं आणि मग पंजा चाटतं. पोटात गेलेलं बोरिक अ‍ॅसिड विषारी ठरू शकतं. बाजारातल्या काही डोळे धुण्याच्या द्रावणांत ते अगदी मोजक्या प्रमाणात असतं, त्यावरून घरी अंदाजाने कालवलेली पेस्ट निर्धोक ठरत नाही.

“चिकन, धान्य आणि नळाचं पाणी हे मूळ कारण”

अन्नाची अ‍ॅलर्जी असते, आणि तिच्यामुळे डोळे चुरचुरून पाणीही येऊ शकतं. पण अशा कुत्र्याची तक्रार सहसा डोळ्यापुरती राहत नाही. ते पंजे चावतं, कान खाजवतं, कानात वारंवार घाण होते, कधी पोट बिघडतं. हे सगळं असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली निवडक आहाराची चाचणी करतात. ती साधारण आठ आठवडे काटेकोरपणे चालवावी लागते, मधे दुसरा घासही नाही, आणि शेवटी जुना आहार पुन्हा देऊन त्रास परततो का ते पाहतात. तेव्हाच कारण ठरवता येतं. दोन दिवस चिकन बंद करून ‘फरक पडला’ म्हणणं ही चाचणी नाही. वाढत्या पिल्लाचं अन्न असं अर्धवट माहितीवर बदललं तर कॅल्शियम-फॉस्फरसचं गणित बिघडून हाडांवर परिणाम होतो. डागापेक्षा ते कितीतरी वाईट.

पाण्यातलं लोह अश्रूंत उतरून डाग पाडतं, याला ठोस पुरावा नाही. गाळलेलं पाणी द्यायला हरकत काहीच नाही, फक्त त्याने डाग जाण्याची वाट पाहत डोळ्याची तपासणी पुढे ढकलू नका.

“कुत्रं आतून दुःखी आहे, म्हणून रडतं”

काही आवृत्त्यांमध्ये हेही असतं आणि माया करणाऱ्या माणसाला ते फार लागतं, म्हणून उत्तर देते. २०२२ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की मालक परत भेटल्यावर कुत्र्याच्या डोळ्यातलं पाणी किंचित वाढतं. पण ती वाढ डोळ्याच्या आतच राहते, गालावर ओघळत नाही, आणि ती आनंदाच्या भेटीत दिसली होती. गालावरचा कायमचा डाग म्हणजे कुत्र्याचं दुःख नव्हे. तुम्ही त्याच्यावर कमी माया करता असं त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

“ही पावडर नैसर्गिक आहे, रोज अन्नातून द्या”

इथे डब्यावरचे घटक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. डाग घालवणाऱ्या अनेक पावडरींमध्ये टायलोसिन हे प्रतिजैविक असायचं. ते गुरं, डुकरं, कोंबड्या यांच्या ठरावीक आजारांसाठी मान्यता मिळालेलं औषध आहे. कुत्र्यांच्या काही जुनाट जुलाबांतही पशुवैद्य ते स्वतःच्या निर्णयाने वापरतात. पण २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पावडरींच्या उत्पादकांना इशारापत्रं पाठवली, कारण टायलोसिनला कुत्र्या-मांजरांसाठी आणि अश्रूंच्या डागांसाठी तिथे मान्यता नव्हती. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यात प्रत्यक्षात प्रतिजैविक होतं.

त्याने डाग कमी होतात का? देत असताना पुष्कळ कुत्र्यांत होतात. बंद केलं की पुष्कळांत परत येतात, कारण आत वळलेली पापणी तशीच असते आणि बंद छिद्र बंदच असतं. म्हणजे परिणाम टिकवायचा तर औषध चालूच ठेवावं लागणार. महिनोन्‌महिने थोड्या मात्रेत प्रतिजैविक देत राहणं हा औषधांना न जुमानणारे जिवाणू तयार करण्याचा खात्रीचा मार्ग आहे, आणि ते जिवाणू त्याच घरात, त्याच गादीवर राहतात. उद्या त्या कुत्र्याला खरोखर गंभीर संसर्ग झाला तर हाताशी औषध कमी उरेल. केसांच्या रंगासाठी हा सौदा मला मान्य नाही.

प्रतिजैविक नसलेल्या पावडरीही मिळतात. त्यांचे दावे मोठे असतात आणि पुरावा तुटपुंजा.

“डोळा लाल असेल तर घरातले थेंब चालतात”

संपूर्ण मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य हे. घरात उरलेल्या थेंबांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, प्रतिजैविकाच्या जोडीने असलं तरीही. कॉर्नियावर ओरखडा किंवा व्रण असताना स्टिरॉइड घातलं तर जखम भरायची थांबते आणि संसर्गाला मोकळं रान मिळतं. व्रण खोल जातो, कॉर्निया अक्षरशः विरघळू लागतो, आणि एक-दोन दिवसांतही डोळा फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. वाचला तरी बुबुळावर कायमचं फूल पडू शकतं. कपट असं की स्टिरॉइडने लाली आणि सूज आधी कमी होते. माणसाला वाटतं, बरं वाटतंय. आत नुकसान चालू असतं.

लाली घालवणारे माणसांचे साधे थेंबही निरुपद्रवी नाहीत. त्यांपैकी काहींमध्ये टेट्राहायड्रोझोलिनसारखी द्रव्यं असतात. कुत्र्याने ती बाटली चावून फोडली आणि औषध पोटात गेलं तर हृदयाची गती आणि रक्तदाब धोकादायकरीत्या खाली येऊ शकतो. बाटली कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा.

याच माळेतला जुना सल्ला म्हणजे तिसऱ्या पापणीची ग्रंथी काढून टाका, पाणीच कमी होईल. पूर्वी हे केलं जायचं. पण डोळ्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा ही ग्रंथी पुरवते, आणि ती गेल्यावर डोळा कायमचा कोरडा पडण्याचा धोका राहतो. म्हणूनच ‘चेरी आय’मध्ये बाहेर आलेली ग्रंथीसुद्धा आता कापून टाकत नाहीत, शस्त्रक्रियेने परत जागेवर बसवतात.

“हे फोटो पाहा, महिन्याभरात डाग गायब”

डाग पडलेला केस धुऊन पूर्ववत होत नाही. तो वाढतो, कापला जातो आणि जागी नवा केस येतो. त्यामुळे मधल्या काळात जे काही केलं असेल त्याला श्रेय मिळतं. एकदा ग्रूमरने डोळ्याखालचे केस कापले की फोटो बदलतो, मग पावडर दिलेली असो वा नसो. दुसरी गोष्ट पिल्लांची. साधारण चार ते सात महिन्यांच्या काळात दुधाचे २८ दात पडून कायमचे ४२ येतात, आणि त्या दिवसांत अनेक पिल्लांचे डोळे जास्त पाणावतात. दात येऊन झाले की ते आपोआप कमी होतं. नेमक्या त्याच वयात नवा मालक उपाय शोधत असतो, आणि जो उपाय चालू असताना दात पूर्ण होतात तो ‘रामबाण’ ठरतो. फोटो टाकणारे खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही. त्यांनी पाहिलं ते खरंच पाहिलं. कारण चुकीचं जोडलं.

डाग कमी ठेवण्याचा धोका नसलेला मार्ग साधा आणि कंटाळवाणा आहे. उकळून गार केलेल्या कोमट पाण्याने किंवा निर्जंतुक सलाइनने दिवसातून एक-दोनदा डोळ्याखालची जागा पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्या. पुसून झाल्यावर ती जागा कोरडी करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि ओल तशीच राहते. वाळलेली चिपडं ओढून काढू नका, ओला कापूस थोडा वेळ धरून मऊ करा. कोपऱ्यातले केस आखूड ठेवा, आणि कुत्रं शांत बसत नसेल तर कात्री ग्रूमरच्या हातात द्या. ‘केस कापले तर उजेडाने डोळे खराब होतात’ हे ल्हासा आणि शिह त्झूबद्दल सांगितलं जातं, ते खरं नाही. डोळ्यात खुपणारे केस मात्र नक्की त्रास देतात.

“डॉक्टरकडे जायची गरज नाही”

पुढीलपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी जायला हवं: कुत्रं एक डोळा बारीक करतंय किंवा मिटूनच ठेवतंय, पंजाने डोळा चोळतंय, बुबुळ निळसर-पांढुरकं दिसतंय, डोळा लाल आहे किंवा दुसऱ्यापेक्षा मोठा वाटतोय. काचबिंदूमध्ये डोळ्यातला दाब वाढून नजर फार झपाट्याने जाते आणि बाहेरून सुरुवातीला दिसते ती लाली आणि पाणी एवढीच. पाणी अचानक सुरू झालं असेल, किंवा एकाच डोळ्यातून येत असेल, तर तेही जन्मापासूनच्या डागासारखं समजू नका. पिवळा-हिरवा चिकट स्राव येत असेल तर डोळा गळत नसून कोरडा पडत असण्याची शक्यता असते. हे ऐकायला उलटं वाटतं, पण पाण्याचा भाग कमी पडला की उरलेला चिकट भागच डोळ्यात साठतो, आणि मालक त्याला ‘डोळे येणं’ समजून पुसत राहतात.

तपासणीला घाबरण्यासारखं काही नसतं. कागदाची एक पट्टी खालच्या पापणीत मिनिटभर ठेवतात. ती १५ मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर पाणी पुरेसं आहे, १० च्या खाली असेल तर कोरडेपणाचा संशय येतो. मग डोळ्यात फ्लुओरेसिन हा रंग घालतात. कॉर्नियावर व्रण असेल तर तो हिरवा चमकतो. तोच रंग पाच-दहा मिनिटांत नाकपुडीत उतरला तर अश्रुनलिका मोकळी आहे. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत तो कधी घशाकडे उतरतो, म्हणून नाकात दिसला नाही एवढ्यावरून नलिका बंद ठरवत नाहीत. शिवाय डोळ्यातला दाब मोजतात आणि भिंगातून पापण्यांच्या कडा तपासतात.

कारण सापडलं तर उपायही त्याच जागी असतो. बंद छिद्र उघडता येतं, तुंबलेली नलिका भूल देऊन धुता येते, जादा पापणकेस मुळापासून नष्ट करता येतात, आत वळलेली पापणी शस्त्रक्रियेने सरळ करता येते. जाताना डोळा न पुसता न्या, म्हणजे स्राव कसा आहे ते दिसतं. घरी जे थेंब घातले असतील त्यांची बाटली आणि पावडर देत असाल तर तिचा डबाही सोबत घ्या. त्यातले घटक कळल्याशिवाय पुढचं औषध ठरवता येत नाही.